मागाच्या खड्ड्यातला कुत्रा

कुत्रा माझा नव्हता. माझ्या लग्नाच्या आधीपासून तो त्या घरात होता आणि मी आलेली त्याला पहिल्या दिवसापासून खपली नव्हती. उंबरठ्यावरचं माप ओलांडायला मी पाय उचलला आणि तो आतून गुरगुरला. मी घाबरून पाय मागे घेतला, तांदूळ उंबऱ्याबाहेरच सांडले आणि सगळं वऱ्हाड हसलं. नवरा सगळ्यांत जास्त हसला. "त्याले बरोबर समजते," तो म्हणाला, "घरचं कोण अन् बाहेरचं कोण."

आमचं घर नागपुरात पाचपावलीला, कोष्ट्यांच्या वस्तीत. सासऱ्यांनी जन्मभर लुगडी विणली होती. ते गेल्यावर नवऱ्यानं माग मोडून विकला. मागावर बसणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो बर्डीवर एका मोठ्या कापडाच्या दुकानात लागला होता, इस्त्रीची पँट घालून जायचा. सासू मात्र दुसऱ्यांच्या मागासाठी घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. माग गेला तरी बाहेरच्या खोलीत त्याचा खड्डा तसाच होता, विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो. कंबरभर खोल, एका माणसापुरता. बुजवू बुजवू म्हणत कोणी बुजवला नव्हता. वर एक फळी टाकलेली असायची.

कुत्रा तांबूस रंगाचा, रुंद छातीचा, दिसायला खरोखर देखणा होता. त्याचं इंग्रजी नाव नवऱ्यानं कुठूनतरी शोधून ठेवलं होतं. मी ते नाव कधी घेतलं नाही. त्याच्या अंगावर हात फिरवताना नवऱ्याचा आवाज वेगळाच व्हायचा. तसा आवाज मी माझ्यासाठी कधी ऐकला नाही. आणि नवरा माझ्यावर ओरडायला लागला, भाजीत मीठ कमी किंवा शर्टाची गुंडी तुटलेली, काहीही असो, की कुत्रा उठून उभा राहायचा आणि माझ्याकडे तोंड करून भुंकायचा. मग नवऱ्याचा राग जायचा, त्याला हसू फुटायचं. "पाह्य, यालेही पटलं नाई," म्हणायचा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्यानं जुनी स्कूटर घेतली. रोज सकाळी तो कामठी रोडवर स्कूटर काढायचा आणि कुत्रा बाजूनं पळायचा. मोहल्ल्यातले लोक दात घासत बघत उभे राहायचे. "माझा कुत्रा स्कूटरले मागं टाकते," हे तो दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचा म्हणे. उन्हाळ्याचे दिवस होते. एका सकाळी तो एकटाच परत आला, स्कूटर हातानं ढकलत. पँटीला रक्त लागलेलं. मागून सायकल रिक्षात पोत्यावर कुत्रा होता आणि रिक्षावाला वळून वळून मागे बघत होता.

ट्रकचं चाक मागच्या डाव्या पायावरून गेलं होतं. तशाच रिक्षातून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बरोबर मोहल्ल्यातले चारपाच जण गेले. तिथे डॉक्टरनं सांगितलं की हाडाचा चुरा झालाय, पाय मांडीपासून काढावा लागेल, नाहीतर इंजेक्शन देऊन झोपवून टाकू, जनावराचे हाल तरी वाचतील. नवऱ्यानं भोवतालच्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काढा. माझा कुत्रा तीन पायांवरही पळन." हे मला शेजारणीनं सांगितलं. तिचा नवरा तिथे होता. तो माणूस त्या सकाळी स्कूटरच्या मागेच सायकलवर होता. त्यानं बायकोला आणखीही एक गोष्ट सांगितली होती. ट्रक समोर दिसत होता, कुत्रा थांबला होता, आणि नवऱ्यानं शीळ घालून त्याला बोलावलं.

घरी आम्हाला नवऱ्यानं सांगितलं, कुत्रा आपसूक चाकाखाली गेला.

दवाखान्यातून कुत्रा घरी आला तेव्हा मी पहिल्यांदा ती जागा पाहिली. एका बाजूचे केस साफ भादरलेले, खाली गुलाबी कातडी, तिच्यावर काळ्या टाक्यांची वाकडी रांग, आणि पाय जिथून सुरू व्हायला हवा तिथे मुठीएवढा फुगीर गोळा. नवऱ्यानंही ती तेव्हाच पहिल्यांदा पाहिली असावी. तो भिंतीकडे वळला.

"तू पाह्य आता याचं," तो मला म्हणाला. "मले दुकानात जा लागते."

"मले तं तो जवळ येऊ देत नाई," मी म्हणाले.

"आता कुठं जाते तो? पाय हाये का त्याले?"

कंपाउंडरनं सांगितलं होतं, कुत्र्याला उड्या मारू देऊ नका, टाके तुटतील. सासूनं खड्ड्यावरची फळी काढली. "यात टाका. यातून निघत नाई तो." खाली पोती अंथरून आम्ही दोघींनी त्याला लुगड्याच्या झोळीत घालून आत सोडलं. तो ओरडला नाही. तोंड वर करून दाराकडे बघत राहिला, नवरा ज्या दारातून गेला होता त्या.

त्यानंतरचे दिवस मी त्या खड्ड्यात काढले असं म्हटलं तरी चालेल. तो मुतला की पोतं बदलायचं. शी झाली की पुसायचं. पोटाखालून जुन्या लुगड्याची पट्टी घालून, तिची दोन्ही टोकं धरून त्याला उभं करायचं, म्हणजे उरलेल्या पायांना सवय होईल. तो वजनाला चांगलाच होता आणि मी किरकोळ अंगाची. खड्ड्यात दोघं मावत नसू. त्याचा श्वास माझ्या गळ्यावर यायचा आणि त्या श्वासात सतत एक बारीक गुरगुर असायची, चक्कीसारखी. जखम चाटू नये म्हणून नवऱ्याच्या दुकानातल्या साड्यांच्या डब्यांचे पुठ्ठे शिवून मी त्याच्या गळ्यात गोल घातला. एका रात्रीत त्यानं तो ओला करून फाडला. मी दुसरा शिवला.

माशा फार होत्या. नागपूरचा वैशाख, वर कवेलूचं छप्पर, आणि खाली जखम. जखम धुऊन पावडर टाकली की त्याच्या अंगातून शिरशिरी जायची आणि तो गोळा आपोआप हलायला लागायचा. एकदा त्याच्या कानाला खाज सुटली. त्यानं मान वाकडी केली आणि खाजवायला लागला. गोळा भराभर वरखाली होत होता, कान तसाच होता, आणि त्याला काही समजत नव्हतं. मी हात पुढे करून कान खाजवला. त्यानं क्षणभर डोळे मिटले. मग उघडले, हात माझा आहे हे पाहिलं आणि दात दाखवले.

संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की तो खड्ड्यात पुढच्या पायांनी माती उकरायचा. नवरा आत यायचा, नाकाला रुमाल लावून पलीकडच्या खोलीत जायचा. पहिल्या आठवड्यात एकदा मी खड्डा साफ करायला कुत्र्याला झोळीतून वर काढून ठेवलं होतं, तेवढ्यात नवरा आला. कुत्रा पोटावर घसटत त्याच्याकडे गेला आणि त्याच्या बुटावर तोंड ठेवलं. नवऱ्यानं बुटाच्या टोकानं ते तोंड बाजूला केलं. मारलं नाही. पायात आलेली चिंधी सारावी तसं सारलं.

"हटव वं याले. वास येते."

"तुमची वाट पाहून राहिला तो दिवसभर," मी म्हणाले.

"मंग काय करू? मांडीवर घेऊ?"

कुत्रा बुटाजवळच पडून राहिला. मी त्याला उचलायला वाकले आणि त्यानं माझा हात धरला. सोडेचना. अंगठ्याखालचा मांसल भाग, तिथे अजून खुणा आहेत. सासूनं कांड्यांची टोपली फेकून मारली तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

मोठ्या दवाखान्यात विचारलं, कुत्र्याला लस दिलेली आहे का. नव्हती. पोटात सुया घ्यायला सांगितलं, रोज एक, बेंबीच्या भोवती जागा बदलून. ज्यांनी त्या घेतल्या आहेत त्यांना सांगायला नको, आणि आता कोणी घेत नाही. पोट कडक होऊन सुजायचं, लुगड्याची गाठ सहन व्हायची नाही. तिथल्या डॉक्टरनं बजावलं, "कुत्र्यावर लक्ष ठेवा. दहा दिवस तो जगला पाहिजे, म्हणजे पिसाळलेला नाही हे ठरेल. मेला तर लगेच कळवा." म्हणजे मी सकाळी पोटात सुई घेऊन पायी घरी यायची, आणि आल्यावर ज्याच्यामुळे सुई घेतली त्याला जिवंत ठेवायला खड्ड्यात उतरायची. त्याच्या तोंडाला चिंधी बांधायची, जखम धुवायची, चिंधी सोडून भाकर दुधात कुस्करून द्यायची. माया वगैरे काही नव्हती. मला त्याची शिसारी होती आणि त्याला माझी. पण टाके चांगले बसत चालले होते. ते बघायला मला बरं वाटायचं, एवढं खरं आहे. सासू वरून बघायची. एकदा म्हणाली, "हात चांगला हाये वं तुहा." तिच्याकडून मला मिळालेली तेवढीच शाबासकी.

सुया संपायच्या आधीच एका दुपारी नवरा लवकर घरी आला. बरोबर दोन माणसं होती, दोर आणि लोखंडी चिमटा घेतलेली. कुत्रे धरणारी कार्पोरेशनची गाडी चौकात उभी होती. शेजारीपाजारी दारात आले.

"देऊन टाकू," नवरा म्हणाला. "याचे हाल पाह्यवत नाईत मले."

"तुमी कधी पाह्यले त्याचे हाल?" मी विचारलं.

"तू मधात नको बोलू."

"दहा दिवस झाले नाईत. डॉक्टरनं काय सांगतलं तुमाले मालूम हाये. हा मेला तं माह्यं काय?"

"काई नाई होत तुले."

ती दोन माणसं आत आली होती, खड्ड्यात डोकावत होती. एक जण दोराचा फास मोठा करत होता. मला काय झालं कोण जाणे. सुजलेलं पोट, सडका वास, आणि दारात जमलेले ते सगळे लोक, ज्यांच्यासमोर यानं म्हटलं होतं, काढा पाय. मी मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"उभा होता तो. ट्रक दिसत होता. शीळ कोणं वाजवली?"

शेजारीण आत निघून गेली. नवऱ्यानं मला मारलं, उघड्या हातानं, कानावर. मी मागच्या भिंतीवर आदळले.

खड्ड्यातून कुत्रा भुंकला. पाय गेल्यापासून त्याच्या गळ्यातून तो आवाज आला नव्हता. जुना, भरदार आवाज, नवरा रागावला की यायचा तोच. मी मान वळवली. त्यानं पुढचे दोन्ही पाय खड्ड्याच्या काठावर टाकले होते. एकुलता मागचा पाय भिंतीत रुतवला, घसरला, परत रुतवला. पुठ्ठ्याचा गोल काठाला अडकून फाटला. आणि तो वर आला. तीन पायांवर उभा राहिला, लटपटला, पडला नाही. मग उड्या घेतल्यासारखा चालत नवऱ्याजवळ गेला, त्याच्या पायाला अंग लावून वळला, आणि माझ्याकडे तोंड करून भुंकत राहिला.

त्या खोलीत मला जे वाटलं त्याला नाव नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही माझी नजर आधी टाक्यांवर गेली. सगळे शाबूत होते.

नवरा खाली बसला. त्यानं कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याचा तो वेगळा आवाज परत आला. "पाह्यलं का! पाह्यलं का गा, तीन पायांवर! म्या म्हटलं नव्हतं?" तो दारातल्या लोकांना सांगत होता. लोक आत आले. कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळी दिली. कार्पोरेशनच्या माणसांना चहा पाजून परत पाठवलं. चहा मीच केला. सासू माझ्या मागे चुलीजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "कान पुस. रक्त हाये."

कुत्रा पुढे बरीच वर्षं जगला. नवरा त्याला स्कूटरवर पुढे उभा करून बर्डीपर्यंत नेऊन आणायचा. गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना सांगायचा, "म्या रात्रंदिवस याची सेवा केली, खड्ड्यात उतरून जखमा धुतल्या." ते सांगताना तो माझ्याकडे बघायचाही नाही, इतकी त्याची खात्री होती. मी पाहुण्यांसमोर पोहे ठेवायची. कुत्रा माझ्या हातचं खायचा आणि खाऊन झालं की उठून जायचा. परत कधी चावला नाही. गुरगुर मात्र राहिली.

तो मेला तेव्हा सासू आधीच गेलेली होती आणि नवरा भिवापूरला एका लग्नाला गेला होता. कुत्रा दोन दिवस दाराकडे तोंड करून पडून होता, पाणीसुद्धा घेत नव्हता. मी एक मजूर बोलावून त्याला नदीकाठी पुरून घेतलं. नवरा आल्यावर म्हणाला, "मले बोलवाचं होतं." मग जेवायला बसला.

थोड्या दिवसांनी तो एक पिल्लू घेऊन आला. काळं, गुबगुबीत, नुकतं आईपासून तोडलेलं. माझ्यासमोर जमिनीवर सोडलं. पिल्लू थेट माझ्याकडे आलं आणि लुगड्याचा काठ तोंडात धरून ओढायला लागलं.

"पाह्य, याले तू आवडली," नवरा हसून म्हणाला. "दूध दे याले."

मी काठ सोडवून घेतला. "तुमचं कुत्रं हाये. तुमी पाहा," म्हणाले आणि कपडे वाळत घालायला गेले.

पिल्लानं घरभर घाण केली. ती तशीच पडून राहिली. नवऱ्यानं दोन दिवस वाट पाहिली, मी काही वाकले नाही. तिसऱ्या दिवशी तो त्याला पिशवीत घालून जिथून आणलं तिथे परत नेऊन सोडून आला. पिशवीतून ते सारखं कुईं कुईं करत होतं. मला वाईट वाटलं नाही. नंतर आमच्या घरात कुत्रा आला नाही.