येसूबाईंचे दोन ते तीन

कुंभिवलीच्या येसूबाई चौसष्ट वर्षांच्या, शाळा सातवीपर्यंत. घराच्या मागे त्यांचं खाचर. भात निघालं की त्यातच वाल पेरतात. मुलगा योगेंद्र हायवेकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला, टीव्हीखालच्या फळीवर ठेवला आणि त्याचा सर्व्हर केला. घरचे फोटो त्यात, शेताकडचे दोन कॅमेरे त्यावर, आणि मुख्य म्हणजे गावोगावच्या कबड्डीच्या सामन्यांची त्याने स्वतः केलेली शूटिंगं. त्याचे सात-आठ मित्र आपापल्या घरी बसून हे सामने बघत.

येसूबाईंची तक्रार होती ती दुपारी दोनची. त्या वेळी त्या कर्जतला दिलेल्या थोरल्या बहिणीला, अंबूबाईला, व्हिडिओ कॉल लावत. गप्पा रंगात आल्या की चित्र थिजे. एकदा शेजारच्या लग्नातल्या भांडणाची हकिकत ऐन मुद्द्यावर आली आणि अंबूबाई म्हणाली, तुझं तोंड उघडंच राहिलंय गं, आवाज येत नाय. भांडण कोणी सुरू केलं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

योगेंद्रच्या मते दोष नेटवाल्यांचा. त्यांचा माणूस आला, वायर बदलली, चहा प्यायला आणि लाइन ठणठणीत आहे असं सांगून गेला.

खरं कारण सून हर्षलाला ठाऊक होतं. नवऱ्याला दोनदा सांगून ती थकली होती. शेवटी तिने सासूला लॅपटॉपवर सर्व्हरचं पान उघडून दाखवलं. घरात येणारं नेट भरपूर, पण घरातून बाहेर जाणारं थोडं. आणि दुसऱ्या पाळीचे मित्र कामावर निघण्याआधी जेवता जेवता सामने लावतात, ते सगळं त्या थोड्यातूनच जातं. प्रत्येक कामापुढे एक चौकट होती. तिथे आकडा टाकला की त्या कामाला तेवढाच वेग.

येसूबाईंनी चष्मा पुसला. "आकडा मी टाकला तर त्याला कळंल काय गं?"

"पान उघडून बघितलं तरच," हर्षला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हर्षला बाजाराला गेलेली बघून येसूबाईंनी एकटीनेच आकडा टाकला. ओळ मात्र चुकली. कबड्डीऐवजी कॅमेऱ्यांचा गळा आवळला गेला. तिकडे कारखान्यात योगेंद्रच्या फोनवर थिजलेलं शेत निवांत दिसत राहिलं आणि इकडे शेजारच्या लडकूच्या बकऱ्यांनी वालाच्या दोन ओळी साफ केल्या. कॉल अर्धवट टाकून येसूबाई काठी घेऊन धावल्या. बकऱ्या कॅमेऱ्यात कशा आल्या नाहीत, हे योगेंद्रला संध्याकाळभर कळेना. वाकून आल्या असतील, असं आईने सुचवलं.

मग सासू-सुनेने मिळून नीट काम केलं. रोज दोन ते तीन कबड्डीला अगदी थेंबभर नेट. आता अंबूबाईच्या दातातली फटसुद्धा स्पष्ट दिसू लागली. तिकडे मित्रांकडे चढाईला गेलेला गडी एक पाय वर करून तसाच उभा राही. योगेंद्रने सर्व्हरची धूळ काढली, पंखा बदलला, राउटर देव्हाऱ्याच्याही वर चढवला. तेव्हा स्टूल धरायला येसूबाईच होत्या.

तीन आठवडे हे चाललं. मग साप्ताहिक सुट्टीला योगेंद्रचा मित्र मनोज स्वतःच तपासायला आला. त्याने पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, कबड्डी, दुपारी दोन ते तीन, नियमाचं नाव अंबूताई. योगेंद्रने आईकडे बघितलं. हर्षला आत गेली.

येसूबाई तांदूळ निवडत होत्या. "आमी नेट बंद केलं नाय," त्या म्हणाल्या. "जरा हळू केलंय. तुमची कबड्डी तीन वाजतापण तशीच हाय. माझी बहीण तवा झोपते."

मनोजला हसू आवरेना. योगेंद्रने बकऱ्यांचं विचारलं, तेव्हा ते माझंच, पयल्यांदा चुकलं, एवढं त्यांनी कबूल केलं. पण आपण पंखा बदलला, राउटर चढवला, आणि आई खाली स्टूल धरून उभी होती, हे त्याला जास्त लागलं होतं.

चहा झाल्यावर त्याने लॅपटॉप ओढला. आता नियम पुसणार, असं येसूबाईंना वाटलं. पुसलाच, पण त्याने आईला शेजारी बसवून सांगितलं की ठरावीक आकडा नको, क्रम हवा. पहिला घरातला कॉल, मग कॅमेरे, मग कबड्डी, सगळ्यांच्या मागून फोटो. पुढचा बोलत नसेल तेव्हा मागच्याला सगळं मोकळं. येसूबाईंनी विश्वास न ठेवता तिथल्या तिथे कर्जतला कॉल लावला आणि मनोजला त्याच्या फोनच्या नेटवरून सामना लावायला सांगितलं. बहीण स्वच्छ दिसली. सामना धुरकट झाला, पण चालला.

आता दुपारी चित्र धुरकटलं की मनोज थेट त्यांनाच फोन करतो आणि अदबीने विचारतो, "मावशी, झालं काय बोलून?"

अंबूबाईने कॉल ठेवून दहा मिनिटं झालेली असली आणि मनोजच्याच घरचं नेट अडलेलं असलं, तरी येसूबाई सांगतात, "थांब रं जरा. आत्ताच तर सुरू केलंय."