उतरता गंधार

मी चौथी शिकलेला. गिरणी बंद पडल्यावर लालबागला बाजाच्या पेट्या दुरुस्त करायला लागलो. सूर लावायचे ते मशीनवर काटा बघून.

आमची ही चाळीच्या भजनात गायची, मी पेटीवर. तिचा गंधार पेटीपेक्षा केसभर खाली लागायचा. दर वेळी. एकदा सगळ्या बायकांसमोर मी पेटी थांबवली. म्हटलं, "उतरतेस तू. पेटी काय खोटं बोलते?"

ती म्हणाली, "माज्या गळ्यात तसोच येता. मगे तुमची पेटीच गावंदे."

पुढे भजनाला यायची, टाळ वाजवायची, पण गायली नाही. बारा वर्षं. गेल्या श्रावणात गेली.

दिवाळीनंतर माहीमला एका म्हाताऱ्या सरांची पायपेटी लावायला गेलो. चर्चमध्ये वाजवायचे ते. गंधार लावून दिला तर म्हणे चढा आहे, उतरवा. मी काटा दाखवला. त्यांनी एक जाड पुस्तक काढलं आणि इटलीतल्या एका पाद्र्याची गोष्ट सांगितली. साडेचारशे वर्षांपूर्वीचा. मच्छीमारांच्या गावचा, पुढे व्हेनिसच्या मोठ्या देवळात गाणाऱ्यांचा प्रमुख झाला. गाणी रचली, पण नाव झालं ते सुरांच्या हिशेबावर लिहिलेल्या ग्रंथाने. त्याचं म्हणणं, माणूस मोकळा गातो तेव्हा गंधार आपोआप खऱ्या जागी पडतो. वाद्यं सोयीसाठी तो सरकवतात. आपल्या पेटीत आणि मशीनवर तो जरा चढा असतो, सर म्हणाले. त्याच्याच चेल्याने पुस्तक लिहून त्याला खोटं पाडायला बघितलं. त्याचं थडगंसुद्धा आता राहिलं नाही म्हणे.

मला त्या चेल्याचा राग आला. जरा वेळाने कळलं, राग कोणाचा ते.

विचारलं, "सर, मशीनपेक्षा केसभर खाली गाणारी बाई बेसूर का?"

"नाही हो काका. तिचा कान चांगला म्हणायचा."

पायपेटी तशीच टाकून घरी आलो. घरची पेटी उघडली. गंधाराची आतली पितळी पट्टी मुळाशी घासली की सूर उतरतो. घासली, षड्जाबरोबर वाजवून बघितली, परत घासली. दोन सुरांतली थरथर कमी होत गेली आणि एकदम थांबली. तिचाच गंधार तो. बारा वर्षांनी ऐकला.

परवा भजनात एक बाई म्हणाली, "काका, पेटी उतरलीय तुमची."

वाजवत राहिलो. गंधार आला की तिच्या टाळांकडे बघायची सवय आहे. ते आता दुसरीच्या हातात असतात.