हळदीचा अंगठा

आमच्या भाऊजींच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणत आले. मेहुणीला तेवढा हक्क असतो. महादेवराव त्यांचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचे, दुर्गाबाईचे मालक; तिला मी नुसतं बाई म्हणते. राहतात बडनेऱ्याला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सारी नोकरी गेली, धुळीत अन् पोत्यांत, पण शर्टावर डाग म्हणून कधी दिसला नाही. सायकल रोज पुसायची, चाकाची एकेक तार धरून. बाईनं कप धुतला की हे पुन्हा धुणार. बाई माझ्यापाशी कुरकुरायची, "सीमे, या माणसानं घरातलं सारं घासलं, आता मीच तेवढी राह्यली." मी अकोल्याला, जठारपेठेत राहते. गाडीत बसलं की बडनेरा, त्यामुळे माझं येणं-जाणं नेहमीचं.

त्यांना एकच लेकरू, प्रणाली. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, नवस-सायास करून झालेली. पोट्टी हुशार निघाली, पुण्याला कंपनीत लागली. बाप रिटायर झाला तेव्हा ती एक डबी घेऊन आली. डबीत घड्याळ. परदेशी, चावीचं, दुधावरच्या साईच्या रंगाचा कातडी पट्टा. किंमत तिनं सांगितली नाही, पण डबीच अशी होती की मी हात पदराला पुसून मग ती धरली.

"घाला ना बाबा," ती म्हणाली.

"मले कायले वं माय एवढ्या महागाचं? नाकापेक्षा मोती जड." असं म्हणून भाऊजींनी डबी लोखंडी कपाटात ठेवली. रोज सकाळी काढायची, चावी द्यायची, कानाला लावायची, परत आत. हातात घालायचं नाव नाही. घालून मळवायचं कोणी?

पोरीनं मग फोनवर साफ करायचं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, बापानंच छळून विचारलं. मी तिथेच बसले होते. "बाबा, नळाखाली धरू नका. आधी चावी आत दाबली काय ते पाहा, मंग पुसा. चष्मा पुसाचा मऊ कपडा असते ना, तो घ्या, जरासाक ओला, चांगला पिळून. पट्ट्याले पानी लागू देऊ नका. साबन नाई, टूथपेस्ट नाई. अन् उन्हात तं बिलकुल ठेवू नका." भाऊजी प्रत्येक वाक्याला हो-हो करत होते. मी म्हटलं, "भाऊजी, बाईले एवढं जपलं असतं तं तिचे गुडघे नसते गेले." बाई खुदकन हसली. तेव्हा त्या घरात हसू यायचं.

मग प्रणालीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी पोट्टी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झालेली, मांडवात पाटावर बसलेली. तिनं मला कपाटातून डबी आणायला लावली आणि बापाला हाक मारली. "आज तरी घाला. नाईतं मी पाटावरून उठतच नाई." भाऊजी जवळ आले, तिनं त्यांचा हात धरला आणि घड्याळ बांधू लागली. पट्टा ओढताना तिचा अंगठा त्याच्यावर टेकला. पिवळाजर्द अंगठा.

अन् हा माणूस भडकला! "अवं, हात धू ना आधी! अक्कल नावाची चीज हाये का नाई तुले? एवढी महागाची वस्तू!" भर मांडवात, साऱ्या बायकांसमोर. गाणं म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग तीच हसली, म्हणाली, "राहू द्या बाबा. माह्या लग्नाची आठवन." पण भाऊजी तडक मोरीवर गेले. डागाच्या कडेला साबणाचं बोट टेकवलं तर तेवढी कड लाल झाली, पुसली तर पुन्हा पिवळी. घड्याळ परत डबीत गेलं आणि तिच्या लग्नात बापाचा हात रिकामाच राहिला.

पुढल्या वर्षी पावसाळ्यात प्रणाली गेली. तापाचं निमित्त. सकाळी फोनवर आईशी बोलली, "काही नाई वं, अंग दुखून राह्यलं," आणि हे दोघं पुण्याला पोचेपर्यंत ती बोलण्यापलीकडे गेली होती. दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात. मला त्या दिवसांत ही म्हण ज्यानं ऐकवली, त्याला मी घराबाहेर काढलं होतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. भाऊजींनी कपाट उघडलं, डबी काढली. पट्ट्यावर पोरीचा अंगठा जसाच्या तसा होता. अंधारात राहिलेला, म्हणून रंगही उतरला नव्हता. बोटाच्या रेषा न् रेषा दिसत होत्या. ते घेऊन हा माणूस पलंगावर बसला आणि त्यानं असा हंबरडा फोडला की शेजारची माणसं धावत आली.

तेव्हापासून दर रविवारी ते घड्याळ पुसायचे. आंघोळ करून, खिडकीपाशी पांढरा कपडा अंथरून. चावी दाबून पाहायची, काच पुसायची, कडेच्या खाचेतली धूळ मऊ ब्रशनं काढायची, पट्टा कोरड्या कपड्यानं. पण अंगठ्यापाशी आले की हात उचलायचे. जन्मभर डागाच्या मागे लागलेला माणूस त्या डागाला वारासुद्धा लागू देत नव्हता.

एकदा मला म्हणाले, "सीमा, मी तिले म्हनलं होतं, हात धू. साऱ्याईच्या समोर."

"अवो भाऊजी, ती हसली होती ना."

"हसली तं काय झालं? लागलं असंन ना तिले." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आता हे एवढंच हाये माह्यापाशी. हे पुसलं तं मी तिले काय तोंड दाखवू?"

यंदा आखजीला मी बडनेऱ्याला गेले. आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, गोडाधोडाचं ताट वाढतात. लेकीची घागर सासरी भरायची, असं कोणीतरी बाईला सांगितलं होतं. बाई म्हणाली, "त्याईची ते भरतीन. माह्या लेकीची मी भरीन." लेकीनं आईच्या नावाची भरायची, ती आई लेकीच्या नावाची भरणार होती.

सणाच्या आदल्या दिवशी रविवार होता. भाऊजी घड्याळ घेऊन बसले. घड्याळ थोडं मागे पडलेलं, म्हणून त्यांनी चावी बाहेर ओढून वेळ लावली, आणि चावी आत दाबायचं विसरले. पोरीनं सांगितलेली पहिली गोष्ट! ओलसर कपडा फिरवला अन् थोड्या वेळानं पाहतात तर काचेला आतून दव धरलेलं. काटा अडकत अडकत चाललेला.

"सीमा! दुर्गा! अरे बाप्पा, काय केलं मी!" मी अमरावतीच्या एका घड्याळाच्या दुकानात फोन लावला. तिथला माणूस गोड बोलला. म्हणे, द्या पाठवून, पूर्ण खोलून, साफ करून, पॉलिश मारून, नवा पट्टा टाकून देतो, एकदम नव्यासारखं. भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"नव्यासारखं नाई पाह्यजे मले."

मग आपण वऱ्हाडातली माणसं काय करतो? पापड असो, मिरची असो, भिजलेली चादर असो, उन्हात टाकतो. एप्रिलचं ऊन, गच्चीवर पाय ठेववत नव्हता. बाईनं बाजेवर पांढरं धोतर टाकून कुरडया घातल्या होत्या. भाऊजींनी त्याच्या एका कोपऱ्यात घड्याळ ठेवलं, काच वर करून.

"भाऊजी, उन्हात ठेवू नका म्हने ना प्रणाली?"

"जरासाक येळ. दव सुकलं की उचलतो."

डोक्यावर ओला टॉवेल अन् हातात काठी घेऊन ते बाजेशेजारी बसले. कावळा आला की हाकल, चिमणी आली की हाकल. मी ताक घेऊन गेले तर म्हणाले, "कमी होऊन राह्यलं वं! पाह्य, आकडे दिसून राह्यले." लहान लेकरासारखा आनंद झाला होता. जेवायला खाली या म्हटलं तर आले नाहीत. ऊन कलेपर्यंत तो माणूस फक्त काचेकडे पाहत बसला.

खाली आले ते ओरडतच. "झालं! चालू हाये! ऐकलं का वं, चालू हाये!" बाईनं देवाला हात जोडले. भाऊजी खिडकीपाशी बसले, चष्मा लावला आणि पट्टा उलटा-सुलटा करून पाहू लागले. एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. लाइट लावला.

"सीमा, तुह्या डोयानं पाह्य बरं."

मी पाहिलं. पट्टा कोरा होता. जरा वाळून कडक झालेला, साईच्या रंगाचा, स्वच्छ. वरणाच्या हळदीचा डाग उन्हात जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत. बाई अन् मी जन्मभर हळदीची लुगडी, लेकरांची झबली उन्हात टाकत आलो. ते घड्याळ दिवसभर आमच्या डोक्यावर गच्चीवर पडलेलं, अन् दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आग लागो आमच्या अकलेला.

"अंधुक दिसते भाऊजी," मी म्हटलं.

"खोटं नको बोलू."

बाईनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून होते. मग म्हणाले, "पट्टा काढून ठेवाचा होता ना वं. काढून ठेवाचा होता. सुचलंच नाई." आणि थोड्या वेळानं, कोणाकडे न पाहता, "शेवटी हात धुवालेच लावले मी तिले."

बाई तोंडात पदर कोंबून आत गेली. मीही रडले. त्या घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आखजी. सण कोणासाठी थांबत नाही. सकाळपासून बाई चुलीपाशी होती. देवघराजवळ प्रणालीच्या नावाची घागर मांडलेली, वर आंबा ठेवलेला. बाई वड्यांच्या पिठात तिखट-मीठ-हळद कालवत होती, हात मनगटापर्यंत पिवळे. तेवढ्यात भाऊजी आंघोळ करून आले. त्यांच्या हातात घड्याळ होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले अन् मनगट पुढे केलं.

"हे बांधून दे."

बाईनं वर पाहिलं. "थांबा, हात धुते."

"नको धू."

बाई तशीच बसून राहिली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, जवळ गेली, पिवळ्या हातांनी पट्टा ओढला. बक्कल लागलं तरी तिनं अंगठा उचलला नाही. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"डाग पडला वो," ती म्हणाली.

"पडू दे."

तो अंगठा प्रणालीचा नव्हता. बाईचा अंगठा जाड, कामानं भेगाळलेला, त्याच्या रेषा कशा उमटणार? पिवळा फराटा तेवढा उमटला. आम्हा तिघांनाही ते कळत होतं. भाऊजींनी तो पुसला नाही, वाळायची वाटही पाहिली नाही. तसेच जाऊन घागरीसमोर मांडी घालून बसले, आणि मनगट पुढे करून म्हणाले, "पाह्य वं माय. घातलं मी."