खांद्याची खोटी कविता

डाव्या स्तनात गाठ आहे हे मला आंघोळ करताना कळलं आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. घाबरले होते हे तर झालंच, पण तो शब्दच माझ्या तोंडून फुटत नव्हता. आमच्या घरी बायकांच्या अंगाला मानेपासून कंबरेपर्यंत एकच नाव, 'इथे'. आईला 'इथे' दुखायचं, मावशीचं 'इथलं' ऑपरेशन झालं. मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर भल्याभल्यांना फाडफाड ऐकवलं, पण हा एवढासा शब्द काही जमेना.

शेवटी घाटकोपरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. समोर बसले आणि काय सांगितलं, तर खांदा दुखतोय. बोला आता! त्यांनी हात वरखाली करून पाहिला, मलम लिहून दिलं. आणि मी येडी ते मलम रोज इमानेइतबारे खांद्याला चोळत होते.

आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर बाई राहतात. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शनिवारी मात्र त्यांची सुट्टी, आणि त्या दुपारी आम्हा पाच-सहा बायकांना त्या नवकविता शिकवतात. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी चहा-चिवड्यासाठी जायचे.

"जुन्या कवितेतल्या बाईला कमळासारखे डोळे आणि केळीच्या खांबासारख्या मांड्या," बाई म्हणायच्या. "एकीला तरी मूतखडा होता का गं? नवकवी आले तेव्हा कवितेत खोकला आला, पू आला, इस्पितळातला फिनेलचा वास आला. लोक म्हणाले, शी! अरे, शी काय? तुम्हाला होत नाही?"

डायलिसिससाठी त्यांच्या हातातल्या शिरा जोडून दिल्यात. तिथे त्या आम्हाला बोटं ठेवायला लावायच्या. आत मिक्सर चालू असल्यासारखी गुरगुर लागायची. मी पहिल्यांदा हात झटकन मागे घेतला, तर म्हणाल्या, "घाबरतेस काय, मीच आहे ती." मग त्याच हातात पुस्तक धरून त्या रोगाच्या, वेदनेच्या, सडणाऱ्या देहाच्या ओळी अशा काही वाचायच्या की मला किळस यायची थांबली. ज्याला आपण घाण म्हणतो ते कुणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिलंय, त्याला नाव दिलंय, याचं मला फार अप्रूप वाटायला लागलं. बाईंचंही. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एका शनिवारी त्यांनी गृहपाठ दिला. आपल्या अंगाचा एक भाग घ्यायचा आणि त्यावर चार ओळी लिहायच्या. फूल, चंद्र, समई असलं काही आणलं तर चहा बंद! पुढच्या शनिवारी एकीने टाचेच्या भेगांवर वाचलं. दुसरीने पोटातल्या गॅसवर, आणि आम्ही हसून हसून लोळलो. मग मी वाचलं:

माझ्या खांद्याला मी हात लावत नाही.
आंघोळीत डोळे मिटून घेते.
घरात कुणी नसलं की चाचपते,
आणि चटका बसल्यासारखा हात काढते.

बायकांनी वा वा केलं. बाईंनी मात्र कागद मागून घेतला, पुन्हा वाचला.

"ओळी खऱ्या आहेत, पण खांदा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "खांद्याला कुणी एवढं भीत नाही गं. खरी जागा घाल तिथे."

"बाई, नंतर बोलू ना आपण."

"नंतर नाही. आत्ता वाच."

मला असा राग आला! काय दादागिरी आहे, म्हटलं. आम्ही काय तुमच्या कॉलेजातल्या पोरी आहोत? पाय आपटत निघूनच जाणार होते. कागद हातात परत घेतला, बाईंकडे रागाने बघितलं आणि त्याच रागात मोठ्याने वाचलं, "माझ्या डाव्या स्तनाला मी हात लावत नाही."

पुढच्या ओळी वाचता आल्या नाहीत. "गाठ आहे हो बाई," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले.

टाचेच्या भेगांवालीने माझा हात घट्ट धरला. बाईंनी धीरबीर काही दिला नाही. "आता जमली ओळ," म्हणाल्या. "हीच फोनवर डॉक्टरांना वाच." आणि माझाच फोन माझ्यासमोर धरला. सगळ्या जणी ऐकत असताना मी डॉक्टरांना सांगितलं, "खांदा नव्हता हो. स्तन. डावा. गाठ आहे."

ती कॅन्सरचीच निघाली. स्तन काढावा लागला. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. पण जीव वाचल्याचा आनंद काही मला होईना. पट्टी निघाली तरी मी तिकडे बघत नव्हते. बेडरूमच्या आरशावर चादर टाकून ठेवली होती. नवरा बिचारा बाथरूममध्ये जाऊन भांग पाडायचा.

एका दुपारी बाई काठी टेकत वर आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." दार लोटलं आणि मला म्हणाल्या, "दाखव."

मी गाऊनची बटणं काढली. बाईंनी चष्मा चढवला, वाकल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. अरेरे म्हणाल्या नाहीत, चुकचुकल्या नाहीत.

"टाके एकसारखे घातलेत हो," त्या म्हणाल्या. मग आरशावरची चादर ओढून काढली आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "आता तू बघ."

मी बघितलं.