पितळेवरचा राप

मराठी मंडळींत माझी ओळख करून देताना लोक हमखास म्हणायचे, "हे आपले बंदूकवाले." मी दर वेळी चिडून दुरुस्त करायचो. बंदुका नव्हेत, रिव्हॉल्व्हरं. आणि तीही शंभर वर्षांपूर्वीची, ज्यातल्या निम्म्यांनी आता माशीसुद्धा मरणार नाही. पण गणपतीच्या जेवणात पंगतीला बसल्यावर कुणीतरी म्हणायचंच, "वरणभात खाणारा माणूस आणि छंद बघा!" बायको त्यांच्या बाजूने हसायची. हौसेला मोल नसतं हे तिला सोन्याच्या बाबतीत पटायचं, लोखंडाच्या बाबतीत नाही.

टेक्सासमधल्या शुगर लँडला आम्ही राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तेलाला भाव होता, आमच्यासारख्या इंजिनिअरांना मान होता आणि घरामागे अजून उसाची मोकळी रानं दिसायची. शेजारच्या घरात एक रिटायर झालेले डेंटिस्ट एकटेच राहत. उंच, किंचित वाकलेले, हात मात्र अजून स्थिर. बायको वारलेली, मुलं दूरच्या शहरांत. त्यांच्याकडे मी गवत कापायचं मशीन मागायला गेलो आणि भिंतीवरच्या काचेच्या पेटीसमोर उभा राहिलो तो उभाच राहिलो. मशीन राहिलं बाजूला. आठवड्याने मी त्यांच्या पिकअपमधून ह्यूस्टनला जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनाला निघालो होतो.

ते शनिवार मला अजून आठवतात. बाहेर अंगाची लाही करणारं दमट ऊन आणि हॉलमध्ये दात वाजतील असा एसी. लांबच लांब टेबलं, त्यांवर हिरवी कापडं, मागे हॅटवाली म्हातारी माणसं, आणि तेलाचा न् पॉपकॉर्नचा मिसळलेला वास. डॉक्टर कुठल्याही वस्तूला विचारल्याशिवाय हात लावत नसत. परवानगी मिळाली की शर्टाच्या खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढायचे, नळीत डोकावायचे आणि माझ्या कानाशी पुटपुटायचे, "कॅव्हिटी आहे. पुढे चला." मी घोडा ओढून चक्र कसं फिरवायचं, सुटा भाग मागाहून बसवलेला असला तर कसा ओळखायचा, हे सगळं त्यांच्याकडून शिकलो. माझी पहिली खरेदी त्यांच्या संमतीने झाली. त्या दिवशी त्यांनी मला मिल्कशेक पाजला. मी चाळिशीला आलेला माणूस, पण शाळेत पहिला नंबर आल्यासारखा खूश होतो.

त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता. जुनं पितळ, जुनं पोलाद कधी घासायचं नाही. टेबलावर एखादं चकचकीत केलेलं रिव्हॉल्व्हर दिसलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "याचं सगळं आयुष्य कुणीतरी पुसून टाकलं," म्हणायचे. त्या काळपट रंगाला ते पॅटिना म्हणत. मीही म्हणायला लागलो. मराठीत याला काय म्हणतात, असा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. अमेरिकेत असे कितीतरी शब्द आम्ही आयते उचलले आणि वापरत राहिलो.

मग तेलाचे भाव पडले. ओळखीतल्या घरांवर एकामागून एक विक्रीच्या पाट्या लागल्या. डॉक्टरांना त्याची झळ नव्हती, पण त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. एका रविवारी ते उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून आमच्याकडे आले. काचेच्या पेटीतलं मधलं रिव्हॉल्व्हर होतं ते. पितळी सांगाडा, अक्रोडाची मूठ, दारू ठासून भरायची जुनी तऱ्हा. त्यांच्या पणजोबांनी टेक्सासला येताना बरोबर आणलेलं, मग आजोबांचं, मग वडिलांचं. मुठीच्या वर पितळेवर एक गडद ठसा होता. तिथे वडिलांचा अंगठा बसायचा, असं ते म्हणाले.

"मुलं विकून टाकतील. तू ठेव. फक्त एक वचन दे, हे कधी घासू नकोस."

मी वचन दिलं. त्या दिवसापासून मी ते डोळ्यांत तेल घालून जपलं, अगदी मुलीलासुद्धा लांबून दाखवलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आई नगरहून आली. वडील जाऊन थोडाच काळ झाला होता, म्हणून मीच आग्रहाने बोलावलं होतं. सहा महिने इथे काय करणार, ही तिची धास्ती. तिला रिकामं बसवत नसे. आल्या आल्या तिने आमच्या देव्हाऱ्यातली भांडी घासून लखलखीत केली. बायकोने हौसेने आणलेल्या पितळी समया, ज्या आम्ही शोभेसाठी काळवंडू दिल्या होत्या, त्याही. चिंच कुठून आणलीस विचारलं तर म्हणाली, "त्या मेक्सिकन दुकानातून. चांगली आहे, आपल्यासारखीच."

एकदा तिने माझ्या कपाटात डोकावून विचारलं, "हे एवढं कळकट का ठेवलंयस रे?"

मी घाईत होतो. पॅटिनाला शब्द सापडेना. म्हणालो, "जुनं आहे ते."

"ते दिसतंय मला," ती म्हणाली.

ऑक्टोबर आला. डॉक्टरांना मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. आमच्यात खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात हे ऐकून ते फार खूश झाले होते. आपलं रिव्हॉल्व्हर पाटावर मांडलेलं त्यांना पाहायचं होतं. मी ऑफिसातून लवकर निघालो. दार उघडलं तर मुलगी नाचत आली, "बाबा, लुक! इट्स सो शायनी!"

पाट मांडला होता. झेंडूची फुलं, अक्षता, हळदीकुंकू. माझा स्क्रू ड्रायव्हरचा सेट, बायकोची कात्री, विळी. आणि मधोमध डॉक्टरांचं रिव्हॉल्व्हर, नुकत्याच घासलेल्या लोटीसारखं पिवळंधमक. मी गुडघ्यांवर बसलो. मुठीच्या वरचा ठसा गेला होता. तिथे फक्त कुंकवाचं बोट होतं.

"सोन्यासारखं झालं की नाही?" आई पदराला हात पुसत म्हणाली. "पितळच घासलंय हां. लोखंडाला चिंच लावत नाहीत, एवढं कळतं मला."

माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "अहो, फोन करून जेवण कॅन्सल करू या का?" माझी नजर पाटाच्या कडेला गेली होती. तिथे वडिलांचा पितळी अडकित्ता होता. मोराच्या आकाराचा, वर्षानुवर्षं त्यांच्या कोटाच्या खिशात असायचा तो. आईने तो इथवर पर्समधून आणला होता, मला माहीतही नव्हतं. आणि तो तपकिरी होता. दांड्यांवर तर जवळजवळ काळा.

"हा का नाही घासलास मग?" मी अखेर ओरडलोच.

"त्यांच्या हाताचा आहे तो," आई म्हणाली.

आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग रिव्हॉल्व्हरकडे. मी काही सांगायची गरज उरली नव्हती, तरी सांगितलं. पणजोबा, आजोबा, वडील, अंगठा.

"म्हणजे राप होता तो," ती म्हणाली. "मग राप म्हणायचंस की रे मला. जुनं आहे काय म्हणालास? जुनी तर मीही आहे. राप कोण घासेल?"

इतक्या वर्षांत मला जो शब्द सुचला नव्हता, तो आपल्याच घरातला होता. उन्हाने रापलेली माणसं, धुराने रापलेली भिंत, हाताने रापलेली मूठ. शब्द माहीत होता, तो लावायचा कुठे ते विसरलो होतो.

"फोन नको करूस," आई बायकोला म्हणाली. "येऊ देत. मी सांगते त्यांना."

डॉक्टर आले ते टाय लावून. आईने दारातच हात जोडले. ते पाटाजवळ गेले. मग माझ्याकडे पाहून, सवयीप्रमाणे परवानगी घेऊन, त्यांनी ते उचललं. उजवा अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि तिथे काहीच सापडत नसल्यासारखा इकडेतिकडे सरकत राहिला. त्यांचे डोळे भरून आले. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आई मध्ये आली.

तिने अडकित्ता त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवला. "माझ्या मिस्टरांचा," ती मराठीत म्हणाली. मी भाषांतर करू लागलो, तर तिने मला गप्प केलं. तिने त्यांची बोटं एकेक करून दांड्यावर बसवली, जिथे वडिलांची बोटं बसायची तिथेच. पितळ तिथे किंचित झिजलं होतं. डॉक्टरांनी त्या झिजेवरून बोट फिरवलं, तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. कळलं त्यांना.

"त्यांना सांग," आता आई मला म्हणाली, "मी चुकले. पण पितळ आहे, मेलेलं नाही. हात लागत राहिला की पुन्हा रापेल. रोज येऊन हातात धरा म्हणावं."

मी सांगितलं. डॉक्टर हसले. "तेवढी वर्षं नाहीत माझ्याकडे," ते म्हणाले.

मी ते मराठीत सांगितलं तर आई म्हणाली, "जेवढी आहेत तेवढी. आधी जेवा."

श्रीखंड त्यांनी दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ते खरंच यायला लागले. चहाच्या वेळी पुढच्या पोर्चवर दोन खुर्च्या. एकीवर आई अडकित्त्याने सुपारी कातरत बसायची, दुसरीवर डॉक्टर ते रिकामं रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन पितळेवर अंगठा ठेवून बसायचे. एक नगरचं मराठी बोलायची, दुसरे टेक्सासचं ओढून ओढून इंग्रजी. कशावर बोलायचे देव जाणे. मी विचारलं तर आई म्हणायची, "तुला काय करायचंय? मोठ्या माणसांचं चाललंय." एकदा नवीन पोस्टमनने हे दृश्य पाहिलं आणि टपाल फाटकातच टाकून तो चालता झाला. त्यावर दोघं पोट धरधरून हसली. वडील गेल्यापासून आईला तसं हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

व्हिसा संपला, आई परत गेली. डॉक्टर तरीही येत राहिले, एकटेच बसत राहिले. रविवारी सकाळी नगरला फोन लागला की खुशाली विचारायच्या आधी आई विचारायची, "रापलं का रे?" मी सांगायचो, थोडं पिवळं कमी झालंय. मग, थोडं मळकट दिसतंय. मग एकदा सांगितलं, अंगठ्याजवळ डाग धरलाय. त्या दिवशी तिने शेजारणीलाही ही बातमी सांगितली म्हणे.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर झोपेतच गेले. त्यांच्या मुलांनी घर आवरलं, काचेची पेटी कुणीतरी घेऊन गेलं. मी रविवारी आईला फोन केला. मी काय सांगणार ते तिने माझ्या आवाजावरूनच ओळखलं असावं.

"किती रापलं होतं?" तिने विचारलं.

"अर्धं. जेमतेम."

"मग आता तू धर," आई म्हणाली. "थांबवू नकोस. अर्धं नको राहायला."

आता आईही नाही. अडकित्ता माझ्याकडे आला आहे, खंडेनवमीला दोन्ही शेजारी शेजारी मांडतो, बाकी सगळं पितळ चिंचेने घासतो. संध्याकाळी चहा झाला की मी त्याच पोर्चवर ते रिव्हॉल्व्हर घेऊन बसतो. ठसा आता चांगला गडद झाला आहे. माझा अंगठा त्यावर नीट बसत नाही, डॉक्टरांचा हात मोठा होता. थोडा वर सरकवून धरावा लागतो.