हिराचा टिळा आणि यशोदाबाईंचा नकार

यशोदाबाईंची आणि माझी पहिली ओळख शाळेत झाली नाही. माझे वडील अंबरनाथ स्टेशनवर टांगा चालवीत. गावात नव्यानेच आलेल्या बाई एका सकाळी टांग्यात बसल्या, तेव्हा मी वडिलांशेजारी होते. बाईंनी आधी घोडीचे नाव विचारले, मग माझे.

"घोडी हिरा, अन् ही पोर शकू," वडील म्हणाले.

"हिराला कामाला लावलंत ते ठीक. शकूला शाळेत घाला."

पुढच्याच आठवड्यात मी वर्गात होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, त्याची सुरुवात त्या टांग्यात आहे.

बाई विज्ञान शिकवीत. "पुस्तकात असं आहे," असे कुणी म्हटले की त्या विचारीत, "लिहिणाऱ्यानं पाहिलं असेल. तू पाहिलंस का?" पुढे त्या बदलापूरला राहत असताना, माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, त्यांनी मला आपल्या खोलीवर ठेवून घेतले. खाट मला दिली, स्वतः चटईवर झोपल्या.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला प्रेमाने सुचवले की घोडीचे प्रकरण गाळावे. अशा मंगल प्रसंगी बाईंचे हसे झालेले कशाला आठवायचे? मी ते गाळणार नाही. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी शाळेत असताना एका दसऱ्याला वडिलांनी हिराची पूजा करून कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा लावला होता. सणाचे म्हणून डोळ्यांची झापडेही काढली होती. बाईंना घेऊन आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. तिथे एका सिंधी दुकानदाराने आरशाचे कपाट बाहेर मांडले होते. सकाळभर टिळा मिरवणारी हिरा आरशापुढे थबकली, बघत राहिली आणि शेजारच्या खांबावर कपाळ घासू लागली.

"अरे साईं, घोडी हटाओ! आईना फूटेगा!" दुकानदार ओरडला.

"शेठजी, थांबा हो!" बाई त्याच्याहून मोठ्याने ओरडल्या. "तिला बघू द्या!"

आरशातली घोडी म्हणजे आपणच, हे हिराला कळले असेल का? बाईंनी वर्गात हे विचारले तेव्हा आम्ही सगळ्या "हो" म्हणालो. बाई म्हणाल्या, "किंवा नुसती खाज सुटली असेल. कसं ठरवायचं?" मग आम्ही कधी आरशासमोर, कधी आरशाशिवाय टिळा लावून पाहू लागलो. हिरा कधी कपाळ घाशी, कधी नाही.

हे शाळेच्या चालकांच्या कानी गेले. त्यांनी हिराला पटांगणात आणवले. टिळा लावला, आरसा धरला. हिराने आरशाकडे एकदा पाहिले आणि दाराचे झेंडूचे तोरण खायला सुरुवात केली.

"बाई, तुमची विद्यार्थिनी नापास!" एक चालक म्हणाले. सगळे खो खो हसले. जाताना अध्यक्षांनी मात्र बजावले, "जनावराला स्वतःची जाणीव नसते, असं उद्या प्रार्थनेला मुलींना सांगा. नाहीतर दुसरी नोकरी बघा."

बाईंच्या घरी दुसरे कमावणारे कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाई पुढे आल्या. "मुलींनो, हिराला स्वतःची ओळख आहे, हे आपल्याला दाखवता आलं नाही. तशी ओळख नाही, हेही कुणी दाखवलेलं नाही. जे मलाच ठाऊक नाही, ते मी तुम्हाला शिकवणार नाही."

त्यांची नोकरी गेली. ट्रंक टांग्यात ठेवताना वडील कळवळून म्हणाले, "बाई, एका घोडीपायी?"

"घोडीपायी नाही हो. या मुलींपायी."

बदलापूरच्या शाळेत जागा मिळेपर्यंत बाईंनी शिकवण्यांवर दिवस काढले. त्या दिवसांची तक्रार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. आणि त्या चुकल्या होत्या, असे कुणी आजही म्हटले तर ते मी ऐकून घेणार नाही.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हिरा आता थकली आहे. टांग्याला तिचीच लेक, तरुण शिंगी, जुंपतात. येत्या दसऱ्याला मी तिच्यासाठी कुंकू आणि आरसा तयार ठेवते. बाई, आपण जरूर या. उत्तर काहीही येवो, ते आपण मोठ्याने सांगू.