वडिलांचा धंदा: काफमान

आत्माराम कागलकरांना मी बुडवलं. आमच्या ह्यांना हे वाक्य आवडत नाही. "मालिनी, तू मुद्दाम केलंस का?" म्हणतात. मुद्दाम नाही केलं, पण केलं ते मीच.

एकसष्ट सालची गोष्ट. आमचे हे डार्मश्टाटला डॉक्टरेट करत होते आणि आत्माराम तिथल्याच एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतले मदतनीस. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. बोलणं म्हणाल तर मोजून चार शब्द, पण हात सोन्याचे. त्यांच्या घरमालकिणीच्या, फ्राउ केलरच्या, पायाला भोवऱ्या झालेल्या. बाई अगदी रडकुंडीला आली होती. आत्मारामांनी तिचा बूट उलटासुलटा करून पाहिला, आतून चामड्याची पातळ चकती बसवली, भोवऱ्या कोमट पाण्यात मऊ करून अलगद कोरून काढल्या. आठवड्याभरात फ्राउ केलर चर्चला चालत गेली! मग काय, जिन्यावर रांगच लागली. लढाईत बोटं गमावलेले, कारखान्यात दिवसभर उभे राहणारे, सगळे यायचे.

फ्राउ केलरनेच सांगितलं, की पायांच्या उपचारांची शाळा असते. दोन वर्षं शिकायचं, मग स्वतःचा दवाखाना थाटता येतो. जागा वीस, अर्ज तीनशेच्या वर. शिवाय तिशीच्या आतलेच घेणार, आणि आत्मारामांना पुढच्या जूनमध्ये तीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे संधी ही एकच. कारखान्यातलं कामही मार्चमध्ये संपत होतं. शाळा नाही तर राहण्याचा परवाना नाही, आणि परवाना नाही तर चला परत.

अर्जाची सगळी तयारी माझ्या स्वयंपाकघरात झाली, कारण जर्मन माझं बरं. दाखल्यांची भाषांतरं केली. डॉक्टरांचं पत्र मिळवलं. फ्राउ केलरने शिफारसपत्रात आपल्या दोन्ही पायांचं असं काही वर्णन केलं होतं, की मला हसू आवरेना. राहिला लेबेन्सलाउफ, म्हणजे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायची आपली माहिती. जन्म, शाळा, वडिलांचा धंदा. तिथे त्यांचं पेन थांबलं.

"वहिनी, हे खरंच लिहायचं?"

"मग काय खोटं लिहायचं? काय करतात वडील?"

"चपला शिवतात. कोल्हापुरात. मीही शिवल्यात, आठव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. नुसता पाय बघून माप सांगायचो." मग खाली बघत म्हणाले, "आमची जातच ती."

दोन वर्षं हा माणूस माझ्या घरात जेवत होता. आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय यावं? अगबाई, आणि आम्हाला पत्ताच नाही! सांगायला लाज वाटते, पण आलं ते आलं. मग ते झाकायला मी घाईघाईने चांगुलपणा करायला गेले.

"कशाला लिहायचं ते? दुकान आहे ना त्यांचं? मग काफमान लिहा, व्यापारी. आणि तुमच्या त्या चपला शिवण्याचं तर नकोच. बरं दिसत नाही."

"पण वहिनी, कामाचा अनुभव म्हणून..."

"अहो भाऊजी, ऐका माझं!"

त्यांनी ऐकलं. जन्मभर लोकांनी त्यांना हेच सांगितलं होतं, त्यांना सवय होती. सुरेख अक्षरात त्यांनी 'काफमान' लिहिलं आणि खाली सही केली.

आता मला सांगा, त्या जर्मन लोकांना कसली आलीय आपली जात! बूट शिवणाऱ्याला ते माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणतात, तो दुकानावर अभिमानाने पाटी लावतो. आमचं पुणं माझ्या डोक्यात होतं, ते मी त्यांच्या अर्जात घातलं. कपाळ माझं!

फेब्रुवारीत उत्तर आलं. मीच मोठ्याने मराठी करून वाचत होते. शिफारसी उत्तम, गुण उत्तम. मात्र शेवटच्या काही जागांसाठी पादत्राणांचं काम केलेल्या, किंवा तशा घरातून आलेल्या उमेदवारांना प्राधान्य दिलं आहे. आपण व्यापारी कुटुंबातले असून आपल्याला या कामाचा काहीच अनुभव नाही. पुढचं मला वाचवेना.

"आत्ताच्या आत्ता पत्र लिहू," मी म्हणाले. "खरं काय ते कळवू. चूक माझी म्हणून सांगू."

"खाली सही माझी आहे, वहिनी. खोटं लिहिणाऱ्याला कोण घेईल?"

आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. फ्राउ केलरने तरीही शाळेत फोन केला, भांडली, पण यादी बंद झाली होती.

मार्चअखेर मी त्यांना सामान बांधायला मदत करायला गेले. ते कोल्हापूरला पत्र लिहीत बसले होते. म्हणाले, शाळेचं कळल्यापासून वडील गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलेत, की आपल्या कामाची जर्मनीत शाळा आहे, पोरगा माझ्याकडे शिकला ते तिथे कामाला येतंय.

"मग आता काय कळवलंत?"

"परीक्षेत नापास झालो म्हणून कळवलंय," आत्माराम म्हणाले. "त्यांच्यामुळे जागा मिळत होती आणि मीच त्यांना अर्जातून गाळलं, हे कोणत्या तोंडाने लिहू?"